हमखास बर्फ, अटी लागू

पुण्यातील एका सहल कंपनीकडून आम्ही गेल्या फेब्रुवारीत मनालीची सहा रात्री आणि सात दिवसांची सहल घेतली. आम्ही पाच जण होतो : आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. विमानभाडे वगळून १,१८,००० रुपये मोजले आणि त्यात चंदीगडपासून परत चंदीगडपर्यंतची इनोव्हा, चालक, हॉटेलच्या खोल्या, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण एवढे धरलेले होते. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर लाल चौकटीत ‘मुलांचा पहिला बर्फ, हमखास बर्फ’ असे छापलेले होते आणि त्या चौकटीखाली, चष्मा लावूनही डोळे बारीक करावे लागतील अशा अक्षरांत, ‘अटी लागू’. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही, कारण अशी चौकट छापणारी ती एकटी नाही. मुलांना पहिल्यांदा बर्फ दाखवायला निघणाऱ्या घरांनी अशा सहलीत नेमके कशाचे पैसे मोजले जातात ते आधी समजून घ्यावे, एवढ्यासाठी हा अभिप्राय जरा पसरट लिहिते आहे.

नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा फोन केला तेव्हा कंपनीने २४ ते ३० डिसेंबर या तारखा पुढे केल्या. नाताळात शाळांना सुट्टी असते, लोक त्याच तारखा मागतात आणि कंपन्या त्याच विकतात, यात गैर काही नाही. गैर आहे ते त्या तारखांच्या शेजारी ‘हमखास’ हा शब्द छापणे. हिमाचलात हिवाळ्यातला बर्फ पडतो तो पश्चिमी झंझावातांमुळे, म्हणजे भूमध्य समुद्राकडून इराण आणि अफगाणिस्तान ओलांडत येणाऱ्या आणि वाटेत गोळा केलेला ओलावा हिमालयावर रिता करणाऱ्या प्रणालींमुळे. हे झंझावात एकामागून एक येतात, परंतु ठरलेल्या वारी येत नाहीत, आणि मनालीच्या उंचीवर डिसेंबरात त्यांतले बरेचसे नुसते ढग आणि गारठलेला पाऊस देऊन पुढे जातात. बर्फ पडलाच तर जमिनीत अजून ऊब असल्याने दोन दिवसांत त्याचा चिखल होतो. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. ‘त्यातल्या त्यात’ असे म्हणावे लागते ते २०२४ च्या जानेवारीमुळे : तो महिना हिमाचलात आणि काश्मीरमध्ये जवळजवळ कोरडा गेला, गुलमर्गच्या उघड्या तपकिरी उतारांची छायाचित्रे सगळ्यांच्या फोनवर फिरली, आणि बर्फ आला तो महिना सरता सरता. त्याच जानेवारीत मनालीला गेलेले आमचे शेजारी मुलांना मनालीजवळच्या सोलंगमध्ये घोड्यावर बसवून परत आले होते, आणि त्यांची फजिती डोळ्यांसमोर असल्यामुळेच आम्ही शाळेतून आठवडाभराची रजा काढून फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला. दोन्ही वर्गशिक्षिका समजूतदार निघाल्या. दहावी-बारावीची मुले असलेल्या घरांना हा मार्ग मोकळा नाही, हे मला मान्य आहे.

कंपनीच्या मूळ आराखड्यात सिमल्याच्या दोन आणि मनालीच्या तीन रात्री होत्या. सिमला सुरेख आहे, परंतु सिमला ते मनाली हा अख्खा दिवस गाडीत जातो, दोनदा सामान बांधावे लागते, आणि मुख्य म्हणजे बर्फाची वाट एका जागी मुक्काम ठोकून पाहावी लागते. आज या गावात, परवा त्या गावात असे करणाऱ्याला बर्फ बहुधा मागच्या गावात पडल्याची बातमी मिळते. म्हणून आम्ही सिमला वगळायला सांगितले आणि मनालीच्या चार रात्री, जाताना मंडीला एक आणि परतताना चंदीगडला एक अशी विभागणी मागितली. फोनवरील मुलीने आधी ‘आमच्या पॅकेजमध्ये असे बसत नाही’ असे सांगितले, दोन दिवसांनी बसवले आणि त्याचे चार हजार रुपये बदलशुल्क लावले. नुसती मुक्कामाची गावे बदलणाऱ्या गिऱ्हाइकाकडून जास्तीचे पैसे का घ्यावेत हे मला तेव्हाही कळले नव्हते आणि अजूनही कळलेले नाही. तरीही सबंध सहलीत सार्थकी लागलेली रक्कम कोणती असे विचारले तर मी याच चार हजारांकडे बोट दाखवीन.

मंडीच्या मुक्कामाबद्दल दोन शब्द. बहुतेक सहलींमध्ये दुपारी चंदीगडला उतरलेल्या माणसांना त्याच रात्री मनालीला पोहोचवतात. अंतर सुमारे २८० किलोमीटर. किरतपूरपासूनचा चौपदरी रस्ता आणि त्यावरील बोगदे यांमुळे पहिला टप्पा आता पुष्कळ सुसह्य झाला आहे, परंतु मंडीच्या पुढे पंडोह आणि औटच्या बाजूला बियासच्या काठाकाठाने रस्ता वळू लागला की मागच्या बाकावरील मुलांची पोटे ढवळू लागतात, आणि ही वळणे रात्री अकरा वाजता घ्यायची की सकाळी नऊ वाजता, यावर पुढचा सगळा दिवस ठरतो. २०२३ च्या जुलैमधील पुराने या रस्त्याचे कुलू ते मनालीच्या पट्ट्यात जे हाल केले होते त्याच्या खुणा अजून दिसतात. काठाचा भाग नदीने चावा घेतल्यासारखा गेलेला आहे. मंडी सखल आहे, तेथे थंडी आपल्या नाशिकच्या डिसेंबरासारखी असते आणि रात्रीची झोप नीट होते. शिवाय मनालीची उंची सुमारे २,०५० मीटर आहे, म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच माथ्यापेक्षा तेथील बाजारपेठ चारशे मीटर वर बसलेली आहे, हे लक्षात घेता लहान मुले आणि वडीलधारी माणसे यांना एका झपाट्यात वर नेण्याची घाई कशासाठी? वाटेत धाकटा एकदाच ओकला आणि तोही चहाच्या टपरीवर गाडी थांबलेली असताना.

गाडी आणि चालक यांना मी पैकीच्या पैकी गुण देते. चालक मंडी जिल्ह्यातील, पन्नाशीचा, मोजके बोलणारा. सासूबाईंना ‘माताजी’ म्हणणारा आणि त्यांच्या बाजूचा दरवाजा दरवेळी स्वतः उतरून उघडणारा. तिसऱ्या दिवशी मात्र सोलंगला जाताना त्याने गाडी एका ठरावीक दुकानासमोर उभी केली, आणि ती तेथेच का उभी राहिली हे न विचारता कळण्यासारखे होते. मनालीहून सोलंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही अंगांना बर्फाचे कपडे भाड्याने देणारी दुकाने ओळीने आहेत. त्यांना क्रमांक दिलेले असतात आणि प्रत्येक गाडीचा एखादा क्रमांक ठरलेला असतो. एका अंगरख्याचे आणि गमबुटांचे मिळून माणशी चारशे रुपये सांगितले, घासाघीस करून तीनशेवर आले. मुलीला मिळालेल्या अंगरख्याची चेन अर्ध्यावर अडकत होती, म्हणून दुकानातील पोऱ्याने गल्ल्याखालून परकराच्या नाडीसारखी एक नाडी काढली आणि तिच्या कमरेभोवती दोन वेढे देऊन गाठ मारली. अस्तर आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामाने किंवा बर्फाने, कशाने ते देव जाणे, पण दमट होते. पाच वर्षांच्या मुलासाठी सर्वांत लहान म्हणून दिलेले गमबूट त्याच्या पायाला दोन बोटे मोठे होते. रबरी गमबुटांना आत लोकर नसते. पाणी ते अडवतात, थंडी अडवत नाहीत, आणि सैल असले की वरच्या तोंडातून बर्फ आत शिरून मोज्याशी संगनमत करतो. सुदैवाने डेकॅथलॉनमधून मुलांसाठी घेतलेले बर्फाचे बूट गाडीत होते आणि गमबूट आम्ही तेथेच परत केले. हे बूट आतून मऊ अस्तराचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे आणि लहान मुलाला स्वतःचे स्वतः चढवता येण्यासारखे आहेत. मुलांचे पाय वर्षाला एक माप वाढतात म्हणून एवढा खर्च कशाला, असा वाद आमच्या घरातही झाला होता. मोठ्यांचे कपडे खुशाल भाड्याने घ्यावेत. मुलांचे बूट आणि हातमोजे घरून न्यावेत, हे माझे मत या सहलीनंतर पक्के झाले.

आता सोलंगबद्दल. मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटरवरील हे खोरे मनालीहून चारशे-साडेचारशे मीटर उंच आहे आणि गावात बर्फ नसला तरी येथे बहुधा असतो, एवढ्या आधारावर सगळ्या सहलींची ‘हमखास’ उभी आहे. आम्ही गेलो त्या दिवशी बर्फ होता. दहा-बारा दिवसांपूर्वी पडलेला, हजारो पायांनी आणि टायरांनी दाबलेला, कडेला काजळीने काळवंडलेला, मधूनमधून घोड्यांच्या लिदीने माखलेला आणि पृष्ठभागावर काचेसारखा टणक झालेला असा तो बर्फ होता. मुलगी त्यावर घसरून कोपरावर पडली. धाकट्याने आजवर बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या किसणीवरचा. त्याने वाकून बोट लावले, थोडा वेळ विचार केला आणि ‘हा शिळा आहे’ असा निर्णय दिला. स्कूटरवाले, घसरगाडीवाले, याकवर बसवून फोटो काढणारे आणि केशराच्या डब्या विकणारे यांच्या गराड्यात दोन तास गेले आणि अकराशे रुपये उडाले. त्यातले पुष्कळसे लोक वर्षाची कमाई याच तीन महिन्यांत करतात, त्यामुळे त्यांच्या मागे लागण्याचा राग धरण्यात अर्थ नाही. चौथ्यांदा नम्रपणे ‘नको’ म्हणताना माझा आवाज चढला एवढे कबूल करते. कंपनीच्या दृष्टीने मात्र करार याच दोन तासांत पुरा झाला होता. बर्फ दाखवायचा होता, दाखवला.

खरा बर्फ दुसऱ्या दिवशी पहाटे आला, आणि तो हॉटेलच्या अंगणात आला. सासूबाईंना पाच वाजता उठायची सवय आहे. पडदा सरकवून त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या आणि मग मला हलवून म्हणाल्या, ‘‘अगं, बाहेर रात्रभर कुणी कापूस पिंजत बसलं होतं का?’’ पावसाला आवाज असतो, गारांना असतो, या पडण्याला अजिबात नव्हता, आणि एरवी पहाटे ऐकू येणारी कुत्री, गाड्या, नळ हे सगळेच कोणीतरी बंद केल्यासारखे झाले होते. मुले झोपेच्या कपड्यांवर स्वेटर चढवून खाली धावली. ताज्या, कोरड्या बर्फावर पाय पडला की जो आवाज होतो त्याला आमच्याकडे शब्द नव्हता; शेवटी मुलीनेच तो शोधून काढला : मक्याचे पीठ चिमटीत दाबल्यावर येतो तसा. नंतर घरी येऊन आम्ही मक्याचे पीठ दाबून पाहिले, आणि तिचे म्हणणे बरोबर आहे.

मात्र बर्फाचा माणूस काही होईना. मुठीत धरलेला बर्फ उघडताच खवलेल्या खोबऱ्यासारखा विखरून जाई आणि धाकट्याला तो आपलाच दोष वाटू लागला. हॉटेलात काम करणाऱ्या एका मुलाने समजावून सांगितले की, एवढ्या थंडीतला बर्फ सुका असतो, तो एकमेकांना धरत नाही; दुपारी ऊन लागून थोडा ओला झाला की या. दुपारी ऊन आले नाही, परंतु हवा शून्याच्या आसपास आली असावी, कारण तीनच्या सुमारास तोच बर्फ आपोआप गोळ्यात बसू लागला. कणांभोवती पाण्याचा पातळ थर आल्याशिवाय बर्फ चिकटत नाही, एवढे भौतिकशास्त्र धाकट्याला कोणत्याही पुस्तकाशिवाय कळले. बर्फाच्या माणसाला नाक म्हणून हॉटेलच्या स्वयंपाकघरातून गाजर मिळाले आणि डोळे म्हणून आमच्या डब्यातले दोन खजूर खर्ची पडले.

हॉटेलविषयी येथेच लिहिते. खोल्या स्वच्छ, लाकडी, बियासच्या बाजूला उघडणाऱ्या. सज्जातून समोरचे देवदार दिसत. नळाचे गरम पाणी सकाळी सात ते नऊ एवढेच, आणि ते आधी सांगितलेले असल्यामुळे तक्रार नाही. तक्रार आहे ती खोलीतील हीटरची. ‘सर्व समाविष्ट’ असे छापलेल्या सहलीत तेलाचा हीटर मात्र प्रत्येक खोलीला रात्रीचे चारशे रुपये देऊन घ्यावा लागतो, हे चावी हातात पडल्यावर कळले. फेब्रुवारीच्या मनालीत हीटर ही चैन नव्हे. पंख्यासाठी मे महिन्यात नागपुरात कोणी वेगळे पैसे मागितले तर चालेल का? हिमवर्षावाच्या दिवशी दुपारी वीज गेली ती रात्री साडेआठला आली. जनित्रावर दिवे चालत होते, हीटर चालत नव्हते. त्या सहा-सात तासांत हॉटेलच्या लोकांनी जे केले त्यामुळे माझा रुसवा बराचसा गेला : जेवणाच्या दालनातील तंदूर पेटवला, म्हणजे तेथील घरांत असते तशी लाकडावर चालणारी, छपरातून धुराडे काढलेली पत्र्याची शेगडी, आणि सगळ्या पाहुण्यांना खुर्च्या ओढून तिच्याभोवती बसवले. तीन कुटुंबे, त्यांपैकी एक सांगलीचे आणि एक वडोदऱ्याचे, पत्ते कुटत बसली. ओले हातमोजे शेगडीपासून हातभर अंतरावर दोरीला टांगले होते. सासूबाईंनी पिशवीतून कोकम तेलाची वडी काढली आणि फुटलेले ओठ व गाल असलेल्या सगळ्याच मुलांना लावली; हॉटेलच्या व्यवस्थापकाने ती वास घेऊन पाहिली आणि हे कोणत्या झाडाचे, म्हणून विचारले.

त्या दिवसाचा छापील कार्यक्रम होता ‘अटल बोगदा आणि सिस्सू’; सिस्सू हे बोगद्यापलीकडचे, लाहौल खोऱ्यातले गाव. रोहतांग खिंडीच्या पोटातून जाणारा हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला. त्याने मनाली ते लेह हे अंतर ४६ किलोमीटरने कमी केले आणि पूर्वी हिवाळ्यात देशापासून तुटणारे लाहौल वर्षभर जोडले. सासूबाईंना मुलांपेक्षाही या बोगद्याची उत्सुकता होती, कारण त्यांनी खंडाळ्याच्या घाटातले बोगदे मोजत आयुष्यभर प्रवास केलेला आहे. परंतु असा बर्फ पडला की पोलीस नेहरू कुंडाजवळच गाड्या थांबवतात आणि चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या तेवढ्या पुढे सोडतात. बोगद्यापर्यंत तर त्याही नेहमी नाही. यात कंपनीचा दोष नाही. दोष पुढे आहे, आणि तो चालकाने शेगडीजवळ बसून सांगितला तेव्हा कळला. रस्ता उघडा असता तरी आमचे सिस्सू पाहणे झाले नसते, कारण अलीकडच्या वर्षांत जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत त्या भागातील ग्रामस्थ पर्यटन बंद ठेवतात. हालडासारखे सण आणि देवतांच्या आराधनेचे ते दिवस असतात, तेव्हा गावात गलबला नको अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि वर्षभर आपल्या दारात दुसऱ्यांची गर्दी सोसणाऱ्या गावाने सहा आठवडे दार लावून घेतले तर ते मला पूर्ण पटते. मला पटत नाही ते एवढेच की, फेब्रुवारीच्या तारखा विकणाऱ्या कंपनीने फेब्रुवारीत बंद असणारे ठिकाण कार्यक्रमात छापावे. डिसेंबरचा कागद तारखा बदलून आमच्या हाती ठेवला होता, दुसरे काही नाही.

म्हणून पाचव्या दिवशी हडिंबा मंदिर, वसिष्ठचे कुंड आणि माल रोड असा जो कार्यक्रम होता तो आम्ही बाजूला ठेवला आणि सेथन या डोंगरावरच्या गावी गेलो. चालकाने आपली गाडी तेथे चढणार नाही हे आदल्या रात्रीच स्पष्ट सांगितले आणि ओळखीच्या स्थानिक माणसाची जुनी जिप्सी ठरवून दिली. दिवसाचे साडेपाच हजार, पदरचे. मनालीजवळच्या प्रीणी गावापासून हंपटा खिंडीच्या दिशेने वळणामागून वळण घेत चढणारा हा रस्ता ताज्या बर्फात पाहताना सासूबाईंनी डोळे मिटून रामरक्षा म्हटली. चाकांना साखळ्या होत्या, चालक सावकाश होता, आणि एका वळणावर समोरून गाडी आली तेव्हा त्याने दोनशे फूट मागे घेतली. ज्यांना उंचीची आणि कड्याची भीती वाटते त्यांनी हा भाग वाचून सोडून द्यावा, तेथे जाऊ नये.

सेथन हे सुमारे २,७०० मीटरवरचे मोजक्या घरांचे गाव आहे. लाहौल-स्पितीकडून आलेल्या बौद्ध कुटुंबांची ही वस्ती; अलीकडे बर्फाच्या इग्लूंमुळे आणि स्कीइंग शिकवणाऱ्यांमुळे तिचे नाव झाले आहे. इग्लूत रात्र काढण्याचा मोह लहान मुले बरोबर असताना टाळावा, आत डोकावून पाहणे पुरेसे आहे. आम्हाला गावाच्या वर एक मोकळा उतार मिळाला, गुडघाभर बर्फाचा, ज्यावर आमच्या आधी फक्त कोल्ह्याची किंवा कुत्र्याची एक सरळ पावलांची रांग गेलेली होती. खताच्या रिकाम्या प्लास्टिक गोणीवर बसून मुले तीन तास घसरली. ती गोणी जिप्सीवाल्याने आसनाखालून काढून दिली होती आणि तिचे भाडे नव्हते. सासूबाई पहिला तासभर जिप्सीत बसून होत्या; नंतर उतरल्या, साडीवर चढवलेल्या माझ्या यजमानांच्या विजारीची घडी दुमडली आणि नातीच्या मागे गोणीवर बसल्या. मला त्यांचे छायाचित्र काढायचे होते, पण हातमोजा काढेपर्यंत त्या खाली पोहोचलेल्या होत्या.

हातमोज्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. लोकरीचे हातमोजे बर्फात दहा मिनिटांत भिजतात आणि मग ते न घातलेले बरे. मुलांना पाणी न शिरणारे आणि शक्यतो बोटे एकत्र राहणारे मोजे द्यावेत, कारण बोटे एकमेकांना ऊब देतात. पाचव्या वर्षी पाच बोटे पाच खोबणीत घालायला लागणारा वेळही वाचतो. आतून सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवते आणि मूल थांबले की गारठते. काळे चष्मे मुलांनाही लागतात. ढग सरकल्यावर त्या उतारावर ऊन खालून वर येत होते आणि मुलीचे नाक हनुवटीच्या बाजूने भाजले. उंचीचा त्रास म्हणावा असा कुणाला झाला नाही, फक्त यजमानांचे डोके संध्याकाळपर्यंत दुखत होते, आणि दिवसभरात आपण दोन पेले पाणीही प्यालो नाही हे त्यांना तेव्हा आठवले.

जेवणाचे थोडक्यात. ‘घरगुती मराठी जेवण’ या आश्वासनाचे रूपांतर रोज सकाळी मटार घातलेल्या पोह्यांत आणि रात्री गोडसर वरणात झाले होते. आचारी कुलूचा होता, त्याने मनापासून केले, पण मनालीत येऊन पोहे कशासाठी? दुसऱ्या दिवशी आम्हीच सिड्डू मागितले : आंबवलेल्या कणकेत अक्रोड किंवा खसखशीचे सारण भरून वाफवतात आणि कापून वर तूप सोडतात. धाकट्याने त्याला खारा मोदक असे नाव दिले आणि उरलेले तीनही दिवस तेच खाल्ले.

हडिंबा मंदिर आम्ही अखेर हिमवर्षावाच्या दिवशीच, दुपारी चालत जाऊन पाहिले. १५५३ मधील हे चारमजली छपराचे लाकडी देऊळ ढुंगरीच्या देवदारांमध्ये उभे आहे, आणि एरवी तेथे जी रांग असते तिच्याऐवजी त्या दिवशी आम्ही आणि दोन पुजारी एवढेच होतो. भीमाची बायको येथे देवी कशी झाली, या मुलीच्या प्रश्नाला सासूबाईंनी हॉटेलपर्यंतची परतीची वाट पुरेल एवढे उत्तर दिले.

आता हिशेब. गाडी, चालक, हॉटेलची माणसे यांसाठी ही कंपनी मी कुणालाही सुचवीन, आणि फोन केल्यावर रात्री दहा वाजताही तिकडून उत्तर मिळते, हेही नोंदवते. कार्यक्रमाचा कागद मात्र त्यांच्याकडून घेऊ नये; तो आपण करावा, एकाच गावात किमान चार रात्री धराव्यात, कोणत्या दिवशी कोठे जायचे ते मोकळे ठेवावे, आणि भारतीय हवामान विभागाच्या सिमला केंद्राचा अंदाज रोज संध्याकाळी पाहून दुसऱ्या दिवसाचे ठरवावे. ‘कार्यक्रमातील दिवसांची अदलाबदल विनाशुल्क’ एवढे एक वाक्य कंपनीकडून लेखी घेतले तर ‘हमखास’ या शब्दाची गरज उरत नाही. एक लाख अठरा हजारांवर आमचे हीटर, जिप्सी, भाड्याचे कपडे आणि सोलंगची उधळपट्टी धरून आणखी सोळा हजार गेले, ते धरूनच अंदाजपत्रक करावे.

परत आल्यावर हीटरचे पैसे आणि सिस्सूचा न झालेला दिवस यांबद्दल कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. अकरा दिवसांनी उत्तर आले. बर्फ आणि रस्ते या नैसर्गिक बाबी असून त्यांची जबाबदारी कंपनीवर नाही, असे चौथ्या पानावरील अटींत नमूद आहे. तथापि आमच्यासारख्या जाणकार पर्यटकांचा मान राखण्यासाठी पुढील बर्फ सहलीवर तीन हजार रुपयांच्या सवलतीचे कूपन सोबत जोडले आहे. कूपनावर बर्फाच्या माणसाचे चित्र आहे, आणि त्याच्या पायाशी बारीक अक्षरांत वैधता लिहिली आहे : ३१ डिसेंबरपर्यंत.